भोंग्यावरची थट्टा

माईकवाल्याला नाव नसतं. आरमोरीत माझं दुकान होतं, दुकानावर पाटी होती, पाटीवर माझं पूर्ण नाव होतं, तरी मंचावरून आयुष्यभर एकच हाक ऐकू आली, "ओ माईक! आवाज कुठी गेला?" लग्नात मी माईक, नाटकात मी माईक, मोर्च्यात मी माईक. एकदा एका मोठ्या पुढाऱ्याने सभा संपताना सगळ्यांचे आभार मानले. पोलिसांचे मानले, मंडपवाल्याचे मानले, पाणी वाटणाऱ्या मुलींचे मानले आणि शेवटी माझ्याकडे बघून जरा आठवल्यासारखं करून म्हणाले, "आणि हे आपले... माईक." माझी बायको त्या सभेत बसली होती. पुढचा आठवडाभर मला घरात त्याच नावाने चहा मिळाला.

आता धंदा मुलगा बघतो. तो डीजे लावतो. त्याच्या पेट्यांसमोरून चालत गेलं की काळीज आपली जागा सोडतं. माझ्या काळात गिऱ्हाइकाची एवढीच अपेक्षा असायची, की माणूस काय बोलतो ते शेवटच्या माणसाला समजावं. या दिवाळी अंकासाठी लिहायला बसलो तेव्हा मुलाने विचारलं, "बाबा, तुमी काय लिहान? वायरा गुंडाळल्या, हेच ना?" वायर नीट गुंडाळता येणं हीसुद्धा सोपी गोष्ट नाही, पण ते राहू द्या.

ज्यांनी फक्त खुर्चीत बसून सभा ऐकल्या आहेत त्यांच्यासाठी थोडं सांगतो. आवाजाचे दोन प्रकारचे डबे असतात. एक पेटी, ती मंडपातल्या माणसांसाठी. दुसरा भोंगा, तो मंडपात न आलेल्या माणसांसाठी. पेटीचा आवाज गोल आणि जवळचा असतो. भोंग्याचा आवाज पातळ, पण दूर जाणारा. तो झाडाच्या बेचक्यात किंवा बांबूला बांधायचा आणि तोंड रस्त्याकडे करायचं. बाजारात वांगी घेणारी बाई, बसची वाट बघणारा कंडक्टर, दाढी करून घेणारं गिऱ्हाईक, यांनी सभेला यायचं कबूल केलेलं नसतं, तरी त्यांना सभा ऐकावी लागते. पुढारी मंडपाकडे बघून बोलतो, पण त्याची अर्धी सभा त्याच्या पाठीमागे आणि बाजूला पसरलेली असते. हे पुढाऱ्याला कधी कळत नाही. माईकवाल्याला कळतं, कारण भोंगा सरळ करायला त्यालाच तिकडे जावं लागतं.

बोलणाऱ्यांचेही प्रकार असतात. काही जण माईक चावतात. काही जण त्याला घाबरून एवढे लांब उभे राहतात की मशीनचा, म्हणजे अँप्लिफायरचा, आवाज पूर्ण उघडला तरी फक्त कावळे ऐकू येतात. आमच्याकडे खर्रा खाऊन बोलणारे फार. सुपारी आणि तंबाखू तोंडात असताना 'शोषितांच्या' हा शब्द उच्चारला की माईकवर काय काय येतं, ते दिवाळीच्या दिवसांत लिहिण्यासारखं नाही. त्यासाठी मी माईकला स्पंजाची टोपी घालत असे आणि सभेनंतर ती टोपी चिमट्याने काढत असे. आणि एक सवय सगळ्यांची सारखी, पक्ष कोणताही असो. ज्या वाक्याला हशा मिळाला ते वाक्य वक्ता पुन्हा म्हणतोच. मला मशीनजवळ बसून आधीच कळायचं की आता हे परत येणार.

भांडणं तेव्हाही होती. पण भांडणाला एक पदर होता. एका निवडणुकीत दोन उमेदवारांच्या सभा एकाच चौकात, एकामागून एक लागल्या. दोघांचाही माईक माझाच. पहिल्याने दुसऱ्याला तासभर धुतलं, पार धोपटून वाळत घातलं. सभा संपता संपता वीज गेली आणि दुसऱ्याच्या जनरेटरमध्ये डिझेल नव्हतं. पहिल्यानेच आपल्या गाडीतून कॅन काढून दिला. वर म्हणाला, "घ्या जी, बोला. मी काय काय खोटं बोललो ते लोकाले समजलं पाहिजे." दुसऱ्याने भाषणाची सुरुवात डिझेलचे आभार मानून केली आणि मग त्याला तासभर धुतलं. मला त्या दिवशी माझ्या धंद्याचा फार अभिमान वाटला होता. का, ते मला तेव्हाही सांगता आलं नसतं.

हळूहळू तो पदर विरला. शिव्या पूर्वी पाठीमागे असत, त्या पुढे आल्या. नंतर फोन आले आणि सभा संपेनाशी झाली. मी वायरा गुंडाळून घरी यायचो, जेवायचो, आणि सभा खिशात चालूच असायची. ही तक्रार आता सगळेच करतात, म्हणून वाढवत नाही. त्याऐवजी जे एक प्रकरण मी जवळून पाहिलं ते सांगतो. त्यात माझं एक मशीनही शहीद झालं.

आरमोरीच्या पूर्वेला, जंगलात आत, एक गाव आहे. त्याचं नाव मी येरमटोला ठेवतो. गावामागे डोंगर आहे, डोंगरावर गावाचा देव आहे आणि देवाखाली लोखंडाचा दगड आहे. बाकी गोष्ट तुम्हाला न सांगता समजेल. खाण येणार म्हटल्यावर आजूबाजूची गावं उठली. आंदोलन पुष्कळ वर्षं चाललं आणि त्याचा माईक पहिल्या दिवसापासून माझा होता.

आंदोलनाचे दोन खांब होते. एक गुरुजी. ते भात पिकवणाऱ्या शेतकरी घरातले, आदिवासी नव्हेत. तरुणपणी येरमटोल्याच्या शाळेवर मास्तर म्हणून गेले आणि निवृत्त झाल्यावरही मनाने तिथेच राहिले. कायदा, नकाशे, अर्ज, कोणत्या साहेबाकडे जायचं, हे सगळं त्यांच्या डोक्यात. दुसरा खांब रैनाबाई. येरमटोल्याच्याच. मोहफूल, चारोळी, तेंदूपान, सगळं जंगलातून आणून विकणारी बाई. बोलायला उभी राहिली की मला आवाज कमी करावा लागायचा.

या दोघांचं नातं कळल्याशिवाय पुढचं कळणार नाही. गुरुजी नवे नवे गावात आले तेव्हा एकटे होते, रोज कोणा ना कोणाकडे जेवायचे. रैनाबाईच्या वडिलांनी एकदा सगळ्यांसमोर म्हटलं, "हा रोज जेवते अन् काम काईच करत नाई. हा त आपला जावई हाय." झालं. गुरुजी गावाचे जावई झाले आणि रैनाबाई त्यांची मेहुणी. पुढे गुरुजींचं लग्न भलतीकडे झालं, तरी हे नातं राहिलं. आणि जावई-मेहुणीचं नातं म्हणजे थट्टेचं नातं. त्यात काहीही बोलायची मुभा असते. रागवायची मात्र नसते. एकाने टोला दिला की दुसऱ्याने द्यायचा, नाही दिला तर तो उधार राहतो. मी येरमटोल्यात सभेआधी वायरा पसरत असताना हे पुष्कळदा ऐकलं आहे. गुरुजी म्हणायचे, "ह्या लोकाले काई समजते? कंपनीवाला दोन बाटल्या देईन अन् हे पहाडावर अंगठा मारून देईन." त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत रैनाबाई म्हणायची, "अन् गुरुजीले दोन वांगे देले त गुरुजी शाळा विकून येते!" मग गाव हसायचं, गुरुजी सगळ्यांत जास्त हसायचे आणि सभा सुरू व्हायची.

जनसुनावणी जाहीर झाली. म्हणजे सरकार मंडप घालून विचारतं, की खाणीबद्दल तुमचं म्हणणं काय. त्याआधी आरमोरीच्या आठवडी बाजारात मोठी सभा ठेवली. मी पेट्या मंडपात लावल्या आणि भोंगे बाजाराच्या चारही कोपऱ्यांना. गुरुजी बोलायला उभे राहिले. त्या दिवशी ते रंगात होते. पुढे तळवटावर, म्हणजे खाली अंथरलेल्या जाजमावर, येरमटोल्याची माणसं बसली होती. त्यांच्याकडे बघून त्यांना आपली घरची थट्टा सुचली, आणि ती त्यांनी माईकवर केली. दोन बाटल्या आणि डोंगरावर अंगठा.

नेमकं त्याच वेळी बसस्टँडकडचा भोंगा खरखरायला लागला होता, म्हणून मी तिकडे पानठेल्याजवळ शिडीवर होतो. तळवटावरचे लोक हसले. ते नेहमीचं हसणं होतं. रैनाबाईने तिथूनच काहीतरी उत्तर दिलं असणार, कारण तिचा हात हललेला मला दिसला. पण तिच्यासमोर माईक नव्हता. माईक एकच होता आणि तो गुरुजींच्या हातात होता. वांग्यांची गोष्ट बाजाराने ऐकलीच नाही. बाजाराने ऐकल्या फक्त दोन बाटल्या. आणि पानठेल्यावरची माणसं हसली ती वेगळ्या तऱ्हेने. एक जण सुपारी कातरता कातरता म्हणाला, "सही बोलला मास्तर. असेच राह्यते हे लोक, जंगली." दुसऱ्याने मांडीवर थाप मारली. एवढ्यात भोंग्यातून तेच वाक्य परत आलं. गुरुजींनी ते दुसऱ्यांदा म्हटलं होतं, जरा सावकाश, चव घेत.

मी शिडीवरून खाली बघितलं तर ठेल्याच्या बाजूला सुधाकर उभा होता. रैनाबाईचा भाचा. गुरुजींच्याच शाळेत शिकलेला, आता नागपुरात वकिलीचं शिकत होता. हातात पाण्याची बाटली होती, झाकण उघडलेलं, आणि तो पीत नव्हता.

पुढच्या बैठकीत, आरमोरीतल्या समाजमंदिरात, सुधाकरने माईक घेतला आणि सरळ म्हणाला, "हा मानूस जातीयवादी हाय." ज्यांच्या तो कालपर्यंत पाया पडत होता त्यांना 'हा मानूस'. सभागृह एकदम फुटलं. गुरुजींचे गावातले चाहते उठले. सुधाकरचे मित्र उठले. एकाने माईक ओढला, दुसऱ्याने वायर ओढली, आणि वायरीच्या दुसऱ्या टोकाला माझं मशीन होतं. ते टेबलावरून खाली आलं. चाळणीत किराणा आणि खिळे एकत्र हलवावे तसा आवाज झाला. माझ्या सगळ्या मशीनांत ते मला जास्त प्रिय होतं. खूप वर्षं बरोबर होतं आणि कधी कुरकुर केली नव्हती. मी खाली बसून तुकडे गोळा करत होतो आणि माझ्या डोक्यावरून दोन्ही बाजूंच्या शिव्या जात होत्या. त्यात आंदोलन, डोंगर, खाण यांतला एकही शब्द नव्हता.

मग फोनवर सुरू झालं. कोणीतरी गुरुजींचं तेवढंच वाक्य भाषणातून कापून ग्रुपवर टाकलं. खाली लिहिलं, आदिवासीद्वेष्टा. त्याला उत्तर म्हणून गुरुजींच्या बाजूच्यांनी सुधाकरबद्दल आणि त्याच्या आईबद्दल जे लिहिलं, ते वाचून मी फोन उलटा करून ठेवला. गंमत अशी, की लिहिणाऱ्यांपैकी अर्धे एकदाही येरमटोल्याला गेले नव्हते. त्यांना डोंगर कोणत्या दिशेला आहे हेही माहीत नव्हतं. खाणवाल्यांना काही करायची गरजच उरली नव्हती. ते बहुतेक चहा पीत बसले असतील.

गुरुजींनी एक पत्रक काढलं, 'कोणाच्या भावना दुखावल्या असल्यास' या थाटाचं. मी अशी वाक्यं हजारदा ऐकली आहेत. ते म्हणताना माणसाचा आवाज पोटातून येत नाही, नाकातून येतो. त्याने कोणाचंच समाधान झालं नाही. दोन-तीन गावांनी ठरवलं, की गुरुजी जनसुनावणीत आमच्या वतीने बोलणार नाहीत. गुरुजी म्हणाले, मी येतच नाही. मी त्यांच्या घरी गेलो तर ते अंगणात बसले होते, नकाशांच्या गुंडाळ्या शेजारी. म्हणाले, "वामन, सारी जिंदगी तिथी घातली. आता मले त्या गावात पाय ठेवाची हिंमत होऊन नाई राह्यली." डोळे भरून आले होते. मला फार वाईट वाटलं. आणि खरं सांगायचं तर पानठेल्यावरचं ते हसणंही मला विसरता येत नव्हतं.

त्याच आठवड्यात दोन्ही बाजूंनी माईक मागितला. गुरुजींच्या समर्थनार्थ सभा आणि गुरुजींच्या निषेधार्थ सभा, एकाच दिवशी. वर दोघांनीही बजावलं, की त्यांना देशील तर आम्हाला नको. मी सुधाकरला म्हटलं, "अरे बाबा, माईकले जात नसते. जो बोलावन त्याच्याकडे जाते." तो माझ्या दुकानाच्या पायरीवर उभा होता. शांतपणे म्हणाला, "भाऊ, माईक कोणाच्या हातात राह्यते ते पाहा ना. आमी इतके वर्सं तळवटावर बसून हावो." मी आठवून बघितलं. खरंच, भोंगे आदिवासी गावांत, गर्दी आदिवासी, घोषणा गोंडीत, आणि माईकच्या दांड्यामागे बहुतेक वेळा गुरुजी, नाहीतर गुरुजींसारखाच कोणी. रैनाबाई बोलायची ती शेवटी, लोक उठायला लागल्यावर.

अशा वेळी रैनाबाई दुकानात आली. डोक्यावरची टोपली खाली ठेवली, पाणी मागितलं, प्यायली आणि म्हणाली, "पुढच्या बाजारात भोंगे लावजो. जसे त्या दिवशी लावले होते तसेच, त्याच जागी."

"कोणाची सभा, बाई?"

"माही."

"कायच्यासाठी?"

"जावई भोंग्यावर बोलला. मले उत्तर देता नाई आलं, माह्याजवळ भोंगा नव्हता. ते उधार हाय. सुनावणीच्या आधी फेडून टाकतो."

मी म्हटलं, "बाई, इथं लोक एकमेकाचे डोके फोडाले निघाले अन् तुमी थट्टा करता?"

ती माझ्याकडे अशी बघत राहिली की मीच खुळा. "थट्टेनंच झालं ना हे सारं? मंग?" म्हणाली आणि टोपली उचलून चालू लागली.

मेहुणीने बोलावलं तर जावयाला नाही म्हणता येत नाही. गुरुजी आले. पांढरा सदरा, हातात छत्री, चेहरा तेराव्याला आल्यासारखा. रैनाबाईने त्यांना मंचावर नाही, तळवटावर पुढे बसवलं. बाजार भरला होता. दोन्ही बाजूंची पोरं लांब लांब घोळके करून उभी होती, हातात फोन तयार. मी मशीनजवळ बसलो. नवीन मशीन होतं, म्हणून वायर टेबलाच्या पायाला दुहेरी गुंडाळून ठेवली होती.

आणि मग येरमटोल्याच्या बायांनी जावयाची जी टर उडवली, ती बाजार अजून सांगतो. रैनाबाई माईकवर आणि बाकीच्या मागून जोड द्यायला. हा जावई पहिल्यांदा गावात आला तेव्हा मोहाची फुलं खजूर समजून ओंजळीने नव्हे, टोपलीने खाल्ली आणि दुपारी शाळेत मुलांआधी स्वतःच झोपला. याला जंगलात अस्वल दिसलं म्हणून हा झाडावर चढला, गाव काठ्या घेऊन धावलं, तर खाली आमच्या सुकरूची काळी म्हैस चरत होती. याच्या सायकलची चेन पडली तर हा सायकल खांद्यावर घेऊन चार कोस आला आणि वरून सांगतो, की सायकल थकली होती. "असा आमचा जावई," रैनाबाई म्हणाली, "यानं आमाले शिकवलं, अन् यालेच आमी सांभाळलं. बाजारवाल्यांनो, दोन वांग्याची गोष्ट त तुमी ऐकलीच नाई, तेही ऐका!"

बाजार लोटपोट. भाजीवाल्या बाया पदर तोंडात कोंबून हसत होत्या. गुरुजीही हसत होते, सदऱ्याने डोळे पुसत. पहिल्यांदाच त्या दिवसांत त्यांचा चेहरा सैल झालेला दिसला. फोन धरलेली पोरंसुद्धा हसायला लागली. मला वाटलं, मिटलं. बाईने मिटवलं. मी मनातल्या मनात वायरा गुंडाळायलाही घेतल्या.

तेवढ्यात रैनाबाईने माईक सुधाकरपुढे धरला. "घे. तुही पाळी."

सुधाकर पुढे आला. त्याने माईक घेतला, पण हसला नाही. "आत्याचं अन् तुमचं नातं थट्टेचं हाय," तो म्हणाला, "माह्यं नाई. मी तुमच्या हाताखाली शिकलो. मी कोणत्या नात्यानं हसू?"

हशा ओसरला. मशीनचा घूंघूं आवाज मला ऐकू यायला लागला.

"त्या दिवशी मी पानठेल्याजवळ होतो," तो म्हणाला. "तिथी जे हसले ते तुमचे साळे नव्हते. ते आमाले हॉस्टेलात जे हसत होते तेच लोक होते. तेच हसणं. मी लहानपणापासून ओळखतो त्याले. मले माफी नाई पाहिजे. मले एवढंच सांगा, तुमाले ते ऐकू आलं होतं का नाई?"

कोणीतरी मागून ओरडलं, "बस कर ना आता!" रैनाबाईने त्या बाजूला नुसतं बघितलं.

गुरुजी तळवटावर मांडी घालून बसले होते. छत्री मांडीवर आडवी. त्यांनी मान वर केली नाही. बराच वेळ ते छत्रीची मूठ फिरवत राहिले. मग काहीतरी बोलले. माईक सुधाकरच्या हातात होता, त्यामुळे ते फक्त पहिल्या रांगेने ऐकलं, आणि मी ऐकलं, कारण मी दोन हातांवर होतो. ते म्हणाले, "आलं होतं."

सुधाकर खाली वाकला आणि माईक त्यांच्या तोंडापाशी नेला. "भोंग्यावर सांगा."

मला वाटलं, गुरुजी आता उठून जातील. मी इतकी वर्षं माईकवर माणसं बघितली आहेत, मला माणूस उठायच्या आधी त्याचा गुडघा कळतो. त्यांचा गुडघा हललाही होता. पण ते उठले नाहीत. त्यांनी स्वतःच माईक हातात घेतला.

"ऐकू आलं होतं," ते म्हणाले, आणि ते चारही कोपऱ्यांतून परत आलं. "मागून हसणं आलं. ते आपल्या लोकायचं नाई, हे मले समजलं. समजलं होतं मले. अन्..." इथे ते थांबले. "अन् मले ते बरं वाटलं. बाजारातले मोठे मोठे लोक माह्या बोलण्यावर हसून राह्यले, म्हणून बरं वाटलं. म्हणून मी तेच पुन्हा म्हटलं."

तराजूत टाकलेलं वजन वाजलं ते ऐकू आलं. माझ्या माईकवर माफी मागणारे पुष्कळ येऊन गेले, रडणारे येऊन गेले, छाती बडवणारेही. पण 'मला बरं वाटलं होतं' असं सांगणारा माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता आणि त्यानंतरही पाहिलेला नाही. रैनाबाईने पदर डोळ्याला लावला होता.

गुरुजींना आणखी काही बोलायचं होतं. तोंड उघडलं, पण शब्द येईना, नुसता श्वास भोंग्यातून ऐकू येत राहिला. आणि तेवढ्यात पानठेल्याकडून एक जण खी खी करून हसला. "फसला रे मास्तर!" दुसऱ्याने साथ दिली. तिकडचं एक टोळकं हसायला लागलं.

सुधाकर ताडकन वळला. माईक गुरुजींच्या हातात होता, त्याने तो घेतला नाही. नुसताच, मोकळ्या गळ्याने, पानठेल्यापर्यंत पोचेल असा ओरडला, "हसू नका! मानूस बोलून राह्यला!"

हसणं बंद झालं. मग तो गुरुजींच्या समोर तळवटावर बसला आणि म्हणाला, "बोला, गुरुजी."

मी आवाज थोडा वाढवला.